फॉरमॅट केल्यावर वायफाय कुठे जातं?

मागच्या रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरची मुलगी लॅपटॉप छातीशी धरून वर आली. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी दुपारपर्यंत तिला प्रोजेक्टची फाइल पाठवायची होती. "काकू, विंडोज नवीन टाकून आणलं आणि वायफायच गायब झालंय. दुकानात म्हणाले, कार्ड उडालं. अडीच हजार सांगितलेत."

लॅपटॉप उघडला. खाली उजव्या कोपऱ्यात वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा छोटा गोल होता आणि त्यावर मनाईची खूण. सेटिंग्जमध्ये गेलं तर वायफाय हा पर्यायच नाही. बंद-चालू करायचं बटणसुद्धा नाही. जणू या लॅपटॉपला वायफाय कधी नव्हतंच.

कार्ड उडालेलं नव्हतं. अर्ध्या तासात वायफाय सुरू झालं, पैसा लागला नाही. ही तक्रार गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते आहे आणि त्यामागचं कारण सगळ्यांना माहीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. नाव नोंदवणाऱ्यांना आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळतात, पण बऱ्याच लोकांनी त्या निमित्ताने जुना लॅपटॉप पुसून विंडोज ११ टाकलं, काहींनी लिनक्स टाकलं. नाशिकच्या कॉलेज रोडचा विद्यार्थी असो की सातपूरचा छोटा कारखानदार, फॉरमॅटनंतर पहिला धक्का बहुतेकांना हाच बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

## आधी तीन शब्द

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे लॅपटॉप चालवणारा मूळ प्रोग्रॅम. विंडोज किंवा लिनक्स. यापुढे तिला नुसती "सिस्टिम" म्हणू.

वायफाय कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटातली, काडेपेटीपेक्षाही लहान पट्टी. तिला दोन बारीक वायरी जोडलेल्या असतात, त्या स्क्रीनच्या कडेपर्यंत जातात. तो तिचा अँटेना. बहुतेक लॅपटॉपमध्ये ब्लूटूथही याच पट्टीवर असतं.

तिसरा शब्द ड्रायव्हर. सिस्टिम आणि कार्ड यांच्यामधला हा दुभाषा. सिस्टिम म्हणते, "आसपास कोणती नेटवर्क आहेत ते बघ." कार्डाला ही भाषा कळत नाही. त्या विशिष्ट कार्डाला तेच काम त्याच्या भाषेत सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची बोली वेगळी, म्हणून दुभाषाही वेगळा.

फॉरमॅट करताना आपण डिस्क पुसतो. फोटो जातात, फाइली जातात, तसा हा दुभाषाही जातो. कार्ड जागच्या जागी शाबूत असतं. त्याचं बोलणं कळणारं मात्र घरात कुणी उरत नाही.

## रामकुंडावरची नामावळी

आता नव्या सिस्टिमला कसं कळतं की या लॅपटॉपमध्ये कोणतं कार्ड आहे?

नाशिककरांना हे समजावणं सोपं आहे. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला घरातल्या कार्यासाठी गेलात की गुरुजी दोन गोष्टी विचारतात: आडनाव आणि मूळ गाव. तेवढ्यावर ते कापडात बांधलेल्या नामावळ्यांमधून तुमच्या घराण्याची वही काढतात, आणि तुमच्या पणजोबांची सही समोर येते. नुसत्या आडनावावर वही सापडत नाही, कारण एकाच आडनावाची घराणी पन्नास गावांत असतात. आणि तुमच्या कुळाची वही त्या गुरुजींकडे नसेल, तर ते दुसऱ्या गुरुजींचं घर दाखवतात.

लॅपटॉपमध्ये हेच चालतं. प्रत्येक कार्डात दोन आकडे कोरलेले असतात: एक बनवणाऱ्या कंपनीचा, एक त्या मॉडेलचा. आडनाव आणि गाव. सिस्टिम सुरू होताना ती कार्डाला हे दोन आकडे विचारते आणि आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या गठ्ठ्यात ती जोडी शोधते. सापडली, तर वायफाय आपोआप सुरू होतं. नाही सापडली, तर कार्ड "अनोळखी" म्हणून बाजूला बसवलं जातं.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर मी स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडला. यादीत वर "अदर डिव्हायसेस" असा मथळा, त्याखाली "नेटवर्क कंट्रोलर", आणि त्यावर छोटा पिवळा त्रिकोण. त्यावर दोनदा क्लिक केलं की "कोड २८" दिसतं. म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही, एवढंच. मग डिटेल्सच्या टॅबमध्ये जाऊन प्रॉपर्टीच्या यादीतून "हार्डवेअर आयडीज" निवडलं. तिथे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ आली. ती बघून ती मुलगी जरा घाबरली. मी तिला म्हटलं, "यातलं फक्त व्ही-ई-एन च्या पुढचं वाच." तिने वाचलं, "एक, शून्य, ई, सी." हा कंपनीचा आकडा. १०ईसी म्हणजे रिअलटेक ही कंपनी. त्याच ओळीत डी-ई-व्ही च्या पुढची चार अक्षरं म्हणजे मॉडेल.

तिथे ८०८६ दिसलं तर कार्ड इंटेलचं. (इंटेलने १९७८ मध्ये याच नावाचा प्रोसेसर काढला होता, त्याची आठवण म्हणून हा आकडा त्यांनी आपलं आडनाव केला असावा असं मला नेहमी वाटतं.) १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच: जे कार्ड आपलं आडनाव आणि गाव सांगतंय, ते जिवंत आहे. पिवळा त्रिकोण बघून लोक घाबरतात. खरं तर तो त्रिकोण दिसला की धीर यायला हवा.

## "आधी चालत होतं, मग आत्ताच कसं गेलं?"

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि तो अगदी रास्त आहे.

लॅपटॉप नवा घेतला तेव्हा कंपनीने कारखान्यातच योग्य ड्रायव्हर टाकून दिलेला होता. आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. दुकानात विंडोज टाकतात ती साधी, सगळ्या लॅपटॉपसाठी एकच असलेली प्रत. त्या प्रतीसोबत बऱ्याच कार्डांचे ड्रायव्हर येतात, पण सगळ्यांचे नाही. आणि ती प्रत ज्या दिवशी बनली त्या दिवसापर्यंतचेच. पेन ड्राइव्हवरची विंडोजची प्रत तीन वर्षांपूर्वीची असेल आणि लॅपटॉपचं कार्ड दोन वर्षांपूर्वी बाजारात आलं असेल, तर त्या प्रतीला हे कार्ड माहीत असणं शक्यच नाही. वही लिहून झाल्यावर जन्मलेल्या मुलाचं नाव वहीत कसं सापडेल?

उलटही घडतं. फार जुन्या कार्डाच्या कंपनीने विंडोज ११ साठी ड्रायव्हर काढलेलाच नसतो. अशा वेळी विंडोज १० चा ड्रायव्हर बहुतेकदा ११ वर चालतो, तो वापरून बघायला हरकत नाही. फक्त तो ६४ बिटचा हवा, कारण विंडोज ११ तेवढंच घेतं.

## किल्ली आत, आपण बाहेर

आता खरी अडचण. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे. इंटरनेट वायफायवर आहे. वायफाय ड्रायव्हरवाचून चालत नाही. किल्ली घरात ठेवून बाहेर आलो आणि लॅच लागून दार बंद झालं, अशी गत.

विंडोज ११ टाकताना तर हे आणखी टोचतं. सेटअपच्या मधोमध "नेटवर्कशी जोडा" असं पान येतं, तिथे एकही नेटवर्क दिसत नाही आणि पुढे जायचं बटण दाबताच येत नाही. हे पान चुकवायच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगतात, पण मायक्रोसॉफ्ट त्या एकेक करून बंद करत आलंय. त्यांच्यावर विसंबून राहू नका. नव्या आवृत्त्यांत त्याच पानावर पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर बसवायचं बटणही दिसतं, ते जास्त कामाचं.

दार उघडायचे दोन साधे मार्ग आहेत. पहिला, लॅन केबल. राउटर आणि लॅपटॉप यांच्यात सरळ वायर जोडायची. लॅनच्या पोर्टचा ड्रायव्हर विंडोजमध्ये बहुतेकदा आधीपासून असतो. पण आताच्या सडपातळ लॅपटॉपना लॅनचं पोर्टच नसतं.

दुसरा मार्ग तुमच्या हातात आहे: मोबाइल. इथे एक गफलत जवळजवळ सगळेच करतात, म्हणून जरा थांबून सांगते. त्या मुलीने मला सांगितलं, "काकू, मी हॉटस्पॉट लावून बघितलं, दिसतच नाही." दिसणार नाहीच. हॉटस्पॉट म्हणजे फोनने सोडलेलं वायफाय, आणि लॅपटॉपचं वायफायच तर बंद आहे. लागतं ते यूएसबी टेदरिंग. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा, आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर "यूएसबी टेदरिंग" चालू करायचं. मग लॅपटॉपला वाटतं की आपल्याला लॅन केबल लावली आहे. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो.

आम्ही केबल लावली, तर टेदरिंगचं बटण फिकट, दाबताच येईना. पाच मिनिटं गेली. मग लक्षात आलं, तिची केबल नुसती चार्जिंगची होती. स्वस्तातल्या काही केबलींमध्ये वीज वाहणाऱ्या तारा असतात, डेटाच्या तारा नसतात. माझ्या फोनच्या डब्यातली केबल आणून लावली आणि बटण जिवंत झालं. ते चालू करताच लॅपटॉपच्या कोपऱ्यातली मनाईची खूण गेली. तिच्या चेहऱ्यावरची चिंता तिथेच निम्मी उतरली.

डेटा पॅक संपेल ही काळजीही नको. अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडलेला ठेवूनही टेदरिंग करता येतं, मग लॅपटॉपला तेच वायफाय फोनमार्फत मिळतं. आयफोनला मात्र विंडोजमध्ये अॅपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणजे पुन्हा तेच बंद दार. घरातल्या कुणाचा तरी अँड्रॉइड फोन मागून घ्या.

## ड्रायव्हर कुठून घ्यायचा

एकदा टेदरिंगने इंटरनेट आलं की आधी विंडोज अपडेट उघडून शोधायला लावा. तिच्या बाबतीत एवढंच पुरलं. विंडोजने स्वतःच रिअलटेकचा ड्रायव्हर ओळखला, उतरवला, बसवला. पिवळा त्रिकोण आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि शेजारच्या चार घरांची वायफाय नावं यादीत आली. तसं आपोआप झालं नाही तर अपडेटच्या "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये "ऑप्शनल अपडेट्स" असतं, ड्रायव्हर पुष्कळदा तिथे पडून असतो आणि कुणी बघत नाही.

तिथेही नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा. लॅपटॉपच्या पाठीवर बारीक अक्षरांत सिरीयल नंबर असतो. तो टाकला की नेमक्या तुमच्या लॅपटॉपचे ड्रायव्हर समोर येतात. वायफायला तिथे "वायरलेस लॅन" किंवा "डब्ल्यूलॅन" म्हटलेलं असू शकतं. कार्ड इंटेलचं असेल तर इंटेलच्या साइटवरूनही थेट घेता येतो. झिप फाइल आली तर आधी ती उलगडायची, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर उजवी क्लिक, "अपडेट ड्रायव्हर", आणि "माझ्या कॉम्प्युटरवर शोधा" या अर्थाचा दुसरा पर्याय निवडून तो फोल्डर दाखवायचा. फोल्डरच्या आतले फोल्डरही तपासायची चौकट टिक केलेली ठेवा.

आता एक मनापासूनची विनंती. गुगलवर कार्डाचं नाव टाकलं की पहिल्या काही निकालांत "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणाऱ्या साइट आणि प्रोग्रॅम येतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ड्रायव्हर सिस्टिमच्या अगदी आतल्या खोलीत राहतो, त्याला तिथे जवळजवळ सगळे अधिकार असतात. अनोळखी माणसाला देवघराची किल्ली आपण देत नाही. त्यात असे प्रोग्रॅम बऱ्याचदा चुकीचाच ड्रायव्हर बसवतात, सोबत जाहिराती टाकतात, आणि शेवटी पैसे मागतात. काही दुकानांतून वापरले जाणारे चोरीच्या विंडोजसोबतचे "ड्रायव्हर पॅक" याच जातीचे.

## जुनं सामान माळ्यावर असतं का?

कधी कधी ड्रायव्हर तुमच्या लॅपटॉपमध्येच पडलेला असतो. डिस्क पूर्ण न पुसता जुन्या विंडोजवरच नवं टाकलं असेल, तर सी ड्राइव्हमध्ये "विंडोज डॉट ओल्ड" नावाचा फोल्डर राहतो. घर बदलताना जुनं सामान माळ्यावर टाकतात तसा. त्याच्या आत विंडोज, मग सिस्टिम३२, मग ड्रायव्हरस्टोअर, मग फाइलरिपॉझिटरी असा माग काढत गेलात की जुने सगळे ड्रायव्हर तिथे सापडतात. "अपडेट ड्रायव्हर"मध्ये हाच फोल्डर दाखवा. इंटरनेट नसतानाही काम होऊन जातं. मात्र घाई करा, साधारण १० दिवसांनी विंडोज तो फोल्डर स्वतःच काढून टाकतं.

## पण कार्ड खरंच गेलं असेल तर?

जातंही. लॅपटॉप पडतो, चहा सांडतो, फॉरमॅटच्या वेळी कुणी झाकण उघडून वायर ढिली करतं. ओळखायचं कसं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा मागमूसच नसेल: नेटवर्क अडॅप्टर्समध्ये नाही, अनोळखींच्या यादीतही नाही, व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं तरी फक्त फिकट नाव. मग शंका घ्यायला जागा आहे.

तरीही खिशात हात घालण्याआधी एक गोष्ट करून बघा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग पुन्हा सुरू करा. विंडोजचं "शट डाउन" हे पूर्ण बंद होणं नसतं. लवकर सुरू होता यावं म्हणून ते थोडं जागं राहतं, आणि त्या अर्धवट झोपेत कार्ड कधी कधी अडकून बसतं. या एका उपायाने कार्ड परत आल्याचं मी पाहिलं आहे.

नवं कार्ड घ्यायचंच ठरलं तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. एक, कार्ड बदलता येण्यासारखं आहे का. कारण काही पातळ लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डलाच जोडलेलं असतं, आणि काही कंपन्यांचे लॅपटॉप ठरावीक कार्डंच स्वीकारतात. दोन, इंटेलचं कार्ड असेल तर नेमकं कोणतं. एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही नावं शेजारशेजारची, खाचही सारखीच दिसते, पण २०१ मध्ये वायफायचं निम्मं काम इंटेलच्या चिपसेटवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या इंटेलच्या मुख्य चिपांवर, टाकलेलं असतं. त्यामुळे ते ठरावीक इंटेल लॅपटॉपमध्येच चालतं; एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये बसतं, चालत नाही.

"त्यापेक्षा यूएसबीचं वायफाय डोंगल घेतलं तर?" जरूर घ्या, स्वस्त आणि सुटसुटीत आहे. फक्त डोंगललाही ड्रायव्हर लागतोच. काहींच्या खोक्यात ड्रायव्हरची छोटी सीडी असते, आणि आता सीडी घालायला लॅपटॉपला जागा कुठे आहे? ड्रायव्हर पोटात घेऊन येणारं डोंगल मागा. ते लावलं की आधी पेन ड्राइव्हसारखं उघडतं.

## ड्रायव्हर आहे, तरी नेटवर्क दिसत नाही

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं नीट आणि तरी वायफाय बंद, अशा वेळी आधी एअरप्लेन मोड बघा. जुन्या लॅपटॉपच्या कडेला सरकवायचा छोटा खटका असतो, तो बॅगेत घालताना सरकतो. कीबोर्डवर अँटेनाची खूण असलेलं बटण असेल तर तेही दाबून बघा. काही लॅपटॉपमध्ये त्या बटणालाच कंपनीचा वेगळा छोटा प्रोग्रॅम लागतो, आणि तोही फॉरमॅटमध्ये गेलेला असतो. तो कंपनीच्या साइटवर ड्रायव्हरच्याच यादीत मिळतो.

बाकी सगळी नेटवर्क दिसतात, आपलंच दिसत नाही असंही होतं. आताचे राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या कार्डाला ५ ची पट्टी ऐकूच येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू आहे ना, ते पाहा. शिवाय २.४ च्या पट्टीत भारतात १ ते १३ चॅनेल चालतात, पण अमेरिकेत १२ आणि १३ वापरत नाहीत. ड्रायव्हरने प्रदेश अमेरिका धरला असेल आणि राउटर १३ वर बसला असेल, तर फोनला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसत नाही. राउटरचं चॅनेल १, ६ किंवा ११ करा. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असेल तर जुनं कार्ड दारातूनच परत फिरतं. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असा पर्याय असतो, तो निवडा.

पासवर्डही फॉरमॅटबरोबर गेलेला असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर पाहा, किंवा जोडलेल्या अँड्रॉइड फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये "शेअर" दाबा. क्यूआर कोडच्या खाली बऱ्याच फोनवर तो सरळ लिहिलेला असतो.

## जोडलंय, पण साइट उघडत नाही

घड्याळ बघा. खरंच, आधी घड्याळ.

पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या एका ओळखीच्या आजोबांचा लॅपटॉप असाच आला होता. वायफाय जोडलेलं, सिग्नल पूर्ण, आणि बँकेची साइट उघडायला गेलं की "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असा लाल इशारा. आजोबा म्हणाले, "कुणी तरी हॅक केलंय, मी बँकेत फोन करून ठेवलाय." कोपऱ्यात तारीख होती २०१५ ची. लॅपटॉपमध्ये तारीख लक्षात ठेवणारी रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपली होती. सुरक्षित साइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं असतं. लॅपटॉपच्या मते आज २०१५ साल. म्हणजे प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. तारीख नीट केली आणि बँक उघडली. बॅटरी नंतर बदलून घेतली.

हॉस्टेलात किंवा ऑफिसात नोंदवलेल्या लॅपटॉपांनाच वायफाय देतात, तिथे आणखी एक कारण असतं. त्यांच्या नोंदवहीत लिहिलेला कार्डाचा स्वतःचा कायमचा पत्ता फॉरमॅटने बदलत नाही. पण सेटिंगमधलं "रँडम हार्डवेअर अॅड्रेस" चालू झालं असेल तर लॅपटॉप खऱ्याऐवजी भलताच पत्ता सांगतो आणि नोंदवहीत सापडत नाही. ते बंद करा.

## लिनक्स टाकलं असेल तर

विंडोज ११ ला साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यात न बसणाऱ्या लॅपटॉपवर बरेच जण उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची रूपं टाकतात, आणि मला तो निर्णय आवडतो. तिथे बहुतेक ड्रायव्हर सिस्टिमच्या गाभ्यातच असतात, त्यामुळे इंटेलची कार्डं सहसा काही न करता चालतात. पण कार्डाला आणखी एक गोष्ट लागते, फर्मवेअर: कार्ड जागं होताना त्याच्या डोक्यात भरायचा छोटा प्रोग्रॅम. त्यातले बरेचसे कंपन्यांच्या मालकीचे असल्याने डेबियन या लिनक्सच्याच दुसऱ्या रूपाच्या, तत्त्वाच्या पक्क्या मंडळींनी ते वर्षानुवर्षं मूळ प्रतीबाहेर ठेवले होते. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अधिकृत प्रतीतच येतात. जुनी प्रत टाकली असेल तर नवी घ्या, निम्मे प्रश्न सुटतील.

ब्रॉडकॉमचं कार्ड मात्र अजून त्रास देतं. उबुंटूत "अॅडिशनल ड्रायव्हर्स" उघडा, फोनचं टेदरिंग इथेही चालतं, आणि सुचवलेला ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी प्रोग्रॅमला अडवणारी सोय) चालू असेल तर तो मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगेल, आणि रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर तोच विचारेल. तिथे लोक घाबरून "कंटिन्यू" दाबून पुढे जातात. मग ड्रायव्हर बसूनही वायफाय येत नाही. "एनरोल" हा पर्याय निवडून पासवर्ड द्यायचा आहे.

## फॉरमॅटच्या आधीची दहा मिनिटं

लॅपटॉप अजून दुकानात दिला नसेल, तर हे सगळं टाळता येतं. वायफाय चालू आहे तोवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नेटवर्क अडॅप्टर्सखालचं कार्डाचं नाव आणि त्याच्या हार्डवेअर आयडीजचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवून, उलगडून, पेन ड्राइव्हवर ठेवा, चिपसेटचाही घ्या. आणि जमलं तर तो मघाचा फाइलरिपॉझिटरी फोल्डर पूर्णच कॉपी करा. तो काही जीबीचा होतो, पण त्यात नुसतं वायफाय नाही, आवाज, टचपॅड, बोटाचा ठसा, सगळ्यांचे दुभाषे असतात.

दुकानात देताना पेन ड्राइव्ह हातात ठेवा आणि लॅपटॉप घेताना तिथेच, दुकानातल्या वायफायला किंवा तुमच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. ती मुलगी आता आपल्या वर्गातल्या दोघींचे लॅपटॉप घेऊन येणार आहे. तिने केबल स्वतःची घेतली आहे, डेटावाली.